शेजार आणि सातबारा



घरांचे व्यवहार करणारे आमच्या परिचयाचे एक दलाल म्हणतात, "गुरुजी, गिऱ्हाईक चौरस फूट विचारते, शेजार विचारीत नाही." या बोलांतील मर्म ध्यानी घेण्याजोगे आहे.

१९१५ साली श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने मुंबईत गावदेवी येथे सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. शेजार आधी जमला, घरे मागून आली. आज क्रम उलटला आहे.

सदनिका आपली झाली, तरी जमीन व इमारत संस्थेच्या नावे झाल्यावाचून मालकी अपुरीच. हे अभिहस्तांतरण करून देणे १९६३ च्या कायद्याने बांधणाऱ्यावर बंधनकारक केले. तो टाळाटाळ करील, तर मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद २००८ साली झाली. तथापि अर्ज संस्थेने करावयाचा, आणि सभेस तर कोणी फिरकत नाही! पुढे इमारत जीर्ण होऊन पुनर्विकासाची वेळ आली, म्हणजे धावाधाव होते.

म्हणून आमची विनंती एवढीच: यंदा वार्षिक सभेस जावे, सातबारा अथवा मिळकत-पत्रिका कोणाच्या नावे आहे ते विचारावे, आणि शेजाऱ्याची ज्ञाती न पाहता त्यासही सोबत न्यावे.