अकरावीच्या फॉर्मवर सही करण्याआधी

मी तळेऱ्याची, आमच्या गटाची सचिव. म्हणजे वह्या लिहिणारी. दहावीचा निकाल लागला की आमच्या बैठकीत हप्ता-बचत बाजूला राहते आणि एकच विषय चालतो, पोरीला आता कुठे घालायचं? यंदा गटातल्या पाच घरांत दहावीच्या मुली आहेत, त्यातली एक माझी धाकटी. तिघींचं ठरलंय, कॉमर्स घ्यायचं आणि पुढे बीकॉम नाहीतर बीबीए करायचं. म्हणून आज त्यावरच बोलते. थोरलीच्या वेळी माझं काय चुकलं, तेही सांगते.

थोरलीला दहावीत सगळीकडे बरे गुण होते, भूमितीत तेवढे कमी. अकरावी कॉमर्सचा फॉर्म भरताना खिडकीवर विचारलं, "गणित की एसपी?" एसपी म्हणजे सेक्रेटरियल प्रॅक्टिस, मराठी पुस्तकावर 'चिटणिसाची कार्यपद्धती' असं नाव असतं. तिथेच कोणी तरी म्हणालं, मुलींना एसपी बरं, गुण पडतात. पोर म्हणाली, "आये, माका गणित नको." मी म्हटलं, "बरा, नको तर नको," आणि सही केली. अर्ध्या मिनिटाचं काम.

बारावीला गुण पडले, खोटं कशाला बोलू. मग तिच्या मनात सीए व्हायचं आलं. सीएची पहिली पायरी म्हणजे फाउंडेशन परीक्षा. तिच्यात १०० गुणांचे चार पेपर असतात. त्यातला एक गणित, संख्याशास्त्र आणि तर्क यांचा मिळून. ४० गुण गणिताला, ४० संख्याशास्त्राला, २० तर्काला, आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण कापतात. प्रत्येक पेपरात किमान ४० हवेत, आणि चारही मिळून निम्मे. बाकीचे तीन तिने काढले, हा राहिला. एक राहिला की चारही पुन्हा द्यावे लागतात. पोर आठ दिवस कोणाशी बोलली नाही. आपल्याकडे मुलीचं वर्ष गेलं की घरात दुसरीच बोलणी सुरू होतात, ते तुम्हाला मी सांगायला नको. आमच्याकडेही एक स्थळ येऊन गेलं.

शेवटी शेजारच्या मुलाची कॉमर्सच्या गणिताची पुस्तकं आणून ती पडवीत बसली. तेव्हा मी ती पहिल्यांदा उघडून बघितली. बारावीच्या दुसऱ्या भागात काय आहे? कमिशन, दलाली, सूट, विमा, हप्ते, निर्देशांक. ज्या भूमितीला घाबरून आम्ही गणित सोडलं, तिची प्रमेयं तिथे नव्हतीच. पहिल्या भागात विकलन-संकलन आहे, ते अवघड जातं, त्याला शिकवणारं माणूस लागतं. पण बाकी बरंचसं आपल्या गटाच्या वहीतलंच.

एक हिशेब सांगते. १२,००० रुपये कर्ज, वर्षाला १२ टक्के व्याज, मुद्दल दर महिन्याला हजार फेडायचं. कोणी सरसकट पूर्ण रकमेवर व्याज लावलं तर वर्षाचे १,४४० रुपये होतात. घटत्या शिलकेवर लावलं तर ७८०. टक्का तोच, फरक ६६० रुपयांचा. आपण बायका हे बोटांवर करतो, मुली ते सूत्राने शिकतात. सीएत तेच विचारतात, बीबीएला आणि बँकेच्या परीक्षेतही तेच येतं. थोरली दुसऱ्या खेपेला सुटली.

म्हणजे सगळ्यांनी गणित घ्यावंच असं नाही. दहावीत जी जेमतेम काठावर पास झाली, जिला गावाजवळच बीकॉम करून पतपेढीत किंवा दुकानात बसायचंय, तिने एसपी घेतलं तर काही बिघडत नाही. कंपनीचा पत्रव्यवहार, भाग, कर्जरोखे त्यात शिकवतात, कंपनी सेक्रेटरी व्हायचं असेल तर ते उपयोगी पडतं. पण सीए, किंवा पुढे अर्थशास्त्राची मोठी पदवी मनात असेल तर गणित सोडू नका. दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्र ऑनर्सला तर बारावीला गणित नसेल तर दारच बंद. कोणी म्हणेल, मग सायन्सच घ्या, सगळे रस्ते उघडे राहतात. मला ते पटत नाही. सायन्सवरून बीबीएला जाता येतं, आर्ट्सवरूनही येतं. पण कॉमर्सच्या मुलीच्या हाताखालून दोन वर्षं हिशेबाची पुस्तकं गेलेली असतात.

त्या हिशेबाबद्दल एक गंमत. पासबुकात आपण भरलेले पैसे 'जमा', म्हणजे क्रेडिट. आणि पुस्तपालनात आपल्या वहीत तीच रक्कम बँकेच्या खात्याला 'नावे', म्हणजे डेबिट. थोरली पहिल्या महिन्यात रडकुंडीला आली होती. पासबुक ही बँकेची वही, बँक आपलं देणं लागते, हे कळलं की गुंता सुटतो. मराठीतून शिकणाऱ्या मुलींना सांगा, प्रत्येक शब्दाशेजारी इंग्रजी शब्द लिहून ठेवा. सीएची परीक्षा इंग्रजीत नाहीतर हिंदीत असते, मराठीत नाही. काही कॉलेजांत दुसऱ्या भाषेऐवजी आयटी घेता येतं. कामाचा विषय आहे, पण त्यापायी मराठी सुटते, याचं मला वाईट वाटतं.

आता फॉर्मचं. २०२५ पासून अकरावीचा प्रवेश राज्यभर ऑनलाइन झालाय. दहा कॉलेजांपर्यंत पसंती देता येते. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव जातं. म्हणून पहिलं नाव घालण्याआधी त्या कॉलेजात जाऊन विचारा, कॉमर्सला गणित आहे का? कागदावर आहे की शिकवायला शिक्षक आहे? कॉलेज जवळ असेल, पण तिथे गणित नसेल, तर एसटीचा पास काढून कणकवलीला पाठवायचं का, हे फॉर्म भरण्याआधी घरात बोला. सुटायची वेळ आणि परतीची गाडी जुळते का, तेही बघा.

बीबीए, बीएमएसला २०२४ पासून राज्याची सीईटी द्यावी लागते. बारावी चालू असतानाच तिचा अर्ज निघतो, ती तारीख चुकवू नका. आणखी एक. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या मागास, मराठा आणि इतर मागासवर्गीय घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ झालंय. पण प्रवेश सरकारी फेरीतून झालेला हवा, व्यवस्थापनाच्या कोट्यातून नाही. उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेवा, आणि माफी आपल्या अभ्यासक्रमाला लागू आहे का, हे प्रवेश घेण्याआधी कॉलेजात विचारून घ्या.

धाकटी अजून "बघूया" म्हणतेय. गुरुवारी सकाळच्या गाडीने आम्ही दोघी कणकवलीला विचारायला जाणार आहोत. गटातल्या आणखी दोघी त्यांच्या मुलींना घेऊन येतायत. कोणाला सोबत यायचं असेल तर आठ वाजता तळेरे स्टँडवर या. दहावीची गुणपत्रिका बरोबर आणा.