चेपलेली परात
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



माझे शिक्षण अवघे सातवीपर्यंत. सभेत उभे राहून बोलण्याचा मला सराव नाही. आजवर मी या व्यासपीठाकडे समोरच्या सतरंजीवरूनच पाहिले. पण अध्यक्षबाई म्हणाल्या, "घरात जे घडले तेच सांगा. त्याला शिक्षण कशाला लागते?" म्हणून धीर करून उभी आहे. काही चुकले तर पदरात घ्यावे.

येताना मी ही परात आणली आहे. ही पाहून तुम्ही हसलात, आणि ते बरोबरच आहे. परात म्हणावी तर ही आता पापडासारखी सपाट झाली आहे. माझ्या आईने रुखवतात दिलेली ही परात. तिचे असे कसे झाले, तेच आज सांगायचे आहे.

आमचे यजमान इचलकरंजीत मागावर जॉबर आहेत. यंत्र बिघडले की खोलायचे, नीट करायचे आणि पुन्हा जोडायचे, यात त्यांचा जन्म गेला. सासूबाईंना दवाखान्यासाठी वारंवार मिरजेला न्यावे लागे, म्हणून २०१७ साली आम्ही एक जुनी मोटार घेतली. गाडी चांगली, पण बुटकी. गतिरोधक आला की आम्ही सगळे श्वास रोखून धरीत असू. गॅरेजचा खर्च वाचावा म्हणून ऑईल बदलणे, ब्रेक साफ करणे ही कामे हे रविवारी अंगणातच करू लागले.

२०१८ सालच्या मार्गशीर्षातला रविवार होता. यांनी गाडीबरोबर आलेल्या जॅकने पुढची एक बाजू उचलली आणि खाली विटा रचल्या. मग दुसरी बाजू उचलली, तिकडेही विटा रचल्या आणि जॅक काढून घेतला. पुढची दोन्ही चाके काढून भिंतीला टेकवली आणि स्वतः खाली शिरले. मी दारातून म्हटले, "अहो, विटांवर एवढी गाडी राहील का?" आतून उत्तर आले, "तुला काय कळतंय त्यातलं?" मी गप्प बसले. भगिनींनो, त्या गप्प बसण्याची मला आजही लाज वाटते.

थोड्या वेळाने भाकरीचे पीठ मळायला घेतले, तर परात जागेवर नाही. धाकटा म्हणाला, "बाबांनी ऑईल धरायला नेली." मग मात्र माझा राग आवरेना. बाहेर जाऊन मी असा काही आवाज चढवला की शेजारणी गॅलरीत आल्या. "आईने दिलेली परात! आधी बाहेर या आणि मला उत्तर द्या!" हे चिडून बाहेर आले, उभे राहिले, हात पुसू लागले. आमचे भांडण रंगात आले तोच नारळ फुटावा तसा आवाज झाला. एका बाजूची वीट फुटली, गाडी कलली, दुसरीकडच्या विटा ढासळल्या आणि गाडीचे नाक फरशीवर आदळले. खाली परात होती. दोन मिनिटांपूर्वी तिच्या शेजारी यांची छाती होती.

त्या दिवशी भाकरी झाली नाही. दोन दिवस हे कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवताना एवढेच म्हणाले, "तू ओरडली नसतीस तर." पुढचे वाक्य त्यांनीही पुरे केले नाही आणि मीही विचारले नाही.

माझ्या मामेभावाचे गॅरेज आहे. त्याला बोलावले. त्याने विटांचे तुकडे पाहिले आणि कपाळाला हात लावला. म्हणाला, "ताई, ही गाडी अकराशे किलोची. म्हणजे पन्नास किलोच्या बावीस पोत्यांची थप्पी, आणि इंजिन पुढे असल्याने निम्म्याहून जास्त भार पुढच्या अंगाला. वीट वाकत नाही, चेपत नाही, एकदम फुटते. सिमेंटचा ठोकळाही तसाच. दाजींना सांग, जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नसतो." गाडीबरोबर मिळणारा जॅक फक्त पंक्चर झालेले चाक बदलण्यापुरता. तेलाच्या दाबावर चालणारा मोठा ट्रॉली जॅक असला, तरी त्याच्या वायसरातून तेल गळले की तो नकळत खाली बसतो. म्हणून गाडी उचलल्यावर तिला लोखंडी स्टँडवर बसवायचे, आणि मगच खाली जायचे.

भिशीचा माझा नंबर त्याच महिन्यात लागला होता. मिक्सर घ्यायचे मनात होते. त्या पैशातून ट्रॉली जॅक आणि दोन स्टँड आणले. अजूनही मी चटणी पाट्यावर वाटते, आणि त्याचे मला काही वाटत नाही.

आता बुटक्या गाडीची गंमत ऐका. नवा जॅक आणला, पण तो गाडीखाली जाईना! जॅकचे डोके उंच आणि गाडीचे नाक खाली. थोरला धावत जाऊन जेवणाचे दोन पाट घेऊन आला. मी पाट काढून घेतले. पाटाच्या खाली दोन पट्ट्या असतात आणि मध्ये पोकळ. गाडीचे चाक चढले की तो मधोमध चिरणार. मग सुताराकडून दोन भरीव, चाकापेक्षा रुंद फळ्या आणल्या. जाडी चार बोटे, एका टोकाला उतार तासलेला आणि दुसऱ्या टोकाला चाक पुढे घसरू नये म्हणून आडवी पट्टी. दोन्ही पुढची चाके हळूच फळ्यांवर चढवली की नाक तेवढे वर येते आणि जॅक आत जातो. बुटक्या गाडीसाठी खास कमी उंचीचे जॅकही मिळतात. घेणाऱ्याने आधी गाडीखालची उंची पट्टीने मोजावी आणि मगच दुकानात जावे.

आमच्या घरी आता जी पद्धत आहे ती क्रमाने सांगते.

पहिली गोष्ट जमिनीची. जागा सपाट आणि टणक हवी. मातीत, उतारावर किंवा हलणाऱ्या फरशीवर गाडी उचलायची नाही. उन्हात डांबरही मऊ होते आणि स्टँडचे पाय त्यात रुततात.

दुसरी गोष्ट चाकांची. घाटात ट्रक थांबला की क्लीनर आधी चाकामागे दगड लावतो, हे तुम्ही पाहिले असेल. आपणही पुढची बाजू उचलायची तर मागच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी पाचर ठोकायची. हँडब्रेक ओढायचा आणि गाडी गिअरमध्ये ठेवायची. मात्र एक ध्यानात ठेवा. बहुतेक गाड्यांचा हँडब्रेक मागच्या चाकांना धरतो. मागची बाजू उचलली तर त्याचा उपयोग संपला. तेव्हा पुढच्या चाकांची पाचर पक्की पाहिजे.

तिसरी गोष्ट जॅक लावण्याच्या जागेची. गाडीच्या पुस्तकात ती चित्रासह दिलेली असते. तिथला पत्रा मुद्दाम मजबूत केलेला असतो. ऑईल चेंबरखाली किंवा साध्या पत्र्याखाली जॅक लावला तर चेंबर फुटतो, पत्रा आत जातो आणि गाडी निसटते. चाक काढायचे असेल तर त्याचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करावेत. उचलल्यावर जोर लावला तर गाडी हलते.

चौथी गोष्ट स्टँडची. स्टँडवर किती टन भार चालेल ते लिहिलेले असते, ते वाचून घ्यावे. दोन्ही बाजूंना सारख्या उंचीवर स्टँड लावायचे, त्यांची खीळ बसली का ते पाहायचे, आणि जॅक हळूहळू सोडून गाडीचा भार त्यांच्यावर येऊ द्यायचा. जॅकही नुसता टेकलेला राहू द्यावा. मग उभ्यानेच गाडीला हाताने चांगला हिसका द्यावा. हलायची असेल तर ती तेव्हाच हलू दे. काढलेली चाके भिंतीला न टेकवता गाडीखाली आडवी सरकवून ठेवावीत. सगळे फसले तरी गाडी चाकावर अडेल, माणसावर येणार नाही.

उतरवताना दोन्ही फळ्या पुन्हा चाकांखाली बरोबर आणाव्यात, नाहीतर बुटकी गाडी जॅकवरच बसते आणि जॅक निघत नाही. खाली हत्यार, मांजर, मूल कोणी नाही ना, हे वाकून पाहावे. चाकांचे नट जमिनीवर आल्यावर समोरासमोरचे असे पुन्हा आवळावेत.

आणि शेवटची गोष्ट आपली, बायकांची. गाडीची किल्ली माझ्या कमरेला असते. काम चालू असताना गाडीत कोणी बसत नाही, दार आपटत नाही, मुले अंगणात खेळत नाहीत. हे खाली असताना मी हाकेच्या अंतरावर गहू निवडीत बसते. दुसरा जॅक माझ्या हाताशी असतो, आणि रुग्णवाहिकेचा १०८ नंबर मुलांनाही पाठ आहे. खाली जाण्याआधी हे मला विचारतात, "पाहिलंस का?" मी पाचर पाहते, खीळ पाहते, हिसका देते आणि मग "हं" म्हणते. माझे "हं" आल्याशिवाय ते खाली जात नाहीत.

भगिनींनो, यंत्रातले आपल्याला कळत नाही, असे आपणच मनाशी धरून बसतो. पण भरलेली कळशी कशावर ठेवावी आणि कशावर ठेवू नये, हे आपल्याला लहानपणापासून कळते. त्या दिवशी विटा पाहून माझ्या मनाने जे सांगितले ते बरोबर होते. फक्त मी एकदाच बोलून थांबले. जीव वाचला तो माझ्या शहाणपणाने नव्हे, परातीच्या रागाने. असा योगायोग रोज येत नाही. म्हणून सांगते, घरातले कोणी जॅकवरच्या गाडीखाली शिरत असेल, मग तो नवरा असो, मुलगा असो की दीर, तर त्याला हाताला धरून बाहेर काढा. "तुला काय कळतंय" म्हणाला तर म्हणू दे. रुसला तर रुसू दे. रुसलेल्या माणसाला संध्याकाळी जेवायला वाढता येते.

ही परात मी पुन्हा ठोकून घेतली नाही. अंगणाच्या दाराशी खिळ्याला टांगली आहे. गाडीखाली जाणाऱ्याला ती आधी दिसावी, एवढाच हेतू.