दोन गडांवरचे पहारेकरी

वाईला गेलो की पांडवगड आणि वैराटगड आठवून मी मनाशी एक हिशेब मांडतो. दोन्हीकडच्या पहारेकऱ्यांनी एकच घोडदळ पाहिलं. एक म्हणतो, वाईपासून ४००० मीटर. दुसरा म्हणतो, ४२५०. (तेव्हा मीटर नव्हते, पण हिशेब सोपा होतो!) पहिल्याची चूक साधारण १०० मीटरची, दुसऱ्याची २००. दोघांनी एकमेकांचं ऐकलेलं नसेल, तर पहिल्याच्या शब्दाला चौपट वजन द्यायचं. उत्तर ४०५०, चूक ८९ मीटर, चांगल्या पहारेकऱ्याहूनही कमी!

रुडॉल्फ काल्मन यांनी १९६० मध्ये हलत्या वस्तूसाठी असंच गणित दिलं. रडारांची माहिती जोडताना ते वापरतात.

मात्र १९८८ मध्ये अमेरिकेच्या ‘व्हिन्सेन्स’ युद्धनौकेनं इराणचं प्रवासी विमान पाडलं. २९० माणसं गेली. यंत्रणेच्या नोंदीत विमान वर चढत होतं. नौकेवरच्यांनी ते खाली येतंय असं मानलं.