इंग्रजी वाक्यातील ‘विच’च्या पोटात काय असते?

(विद्यार्थी मार्गदर्शन वर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)





इंग्रजीवर बोला असे कार्यकारिणीने सांगितले, तेव्हा आम्ही प्रथम नकारच दिला होता. आम्ही प्राध्यापक नव्हे. कला शाखेचे साधे पदवीधर, बँकेत कारकून. पण गेली वीसेक वर्षे आमच्या टेबलावर इंग्रजी परिपत्रके येऊन पडतात आणि त्यांचा अर्थ काउंटरपलीकडच्या माणसाला मराठीत सांगावा लागतो. त्या अनुभवाच्या बळावरच आज उभे आहोत. शेक्सपिअर आमच्याकडून अपेक्षू नये.

आधी आमची फजिती सांगतो. बी.ए. झाल्यावर एका कार्यालयात नोकरीसाठी अर्ज केला. मुलाखतीचे पत्र आले. त्यात एक वाक्य होते. ते अजून पाठ आहे, कारण ते आम्हाला महागात पडले : ‘द ओरिजिनल सर्टिफिकेट्स, विच नीड नॉट बी सेंट विथ द ॲप्लिकेशन बट विच मस्ट बी प्रोड्यूस्ड ॲट द टाइम ऑफ इंटरव्ह्यू, विल बी रिटर्न्ड द सेम डे.’ आम्ही वाचले ‘नीड नॉट बी सेंट’. म्हटले, मूळ प्रमाणपत्रे नकोत. पुढचे वाचलेच नाही असे नाही. वाचले, पण ते डोक्यात उतरले नाही. वडिलांनी मूळ कागद ट्रंकेत कुलूपबंद ठेवले होते, ते तिथेच राहिले. रात्रभर एस.टी.ने प्रवास करून, झेरॉक्स प्रती घेऊन आम्ही हजर. दारावरच्या कारकुनाने विचारले, ‘ओरिजिनल?’ आणि आमची मुलाखत तिथेच संपली. त्या कारकुनाला बोल लावत नाही. वाक्य स्वच्छ होते. ते उकलायला आम्हाला कोणी शिकवले नव्हते.

आता ते आपण मिळून उकलू. इंग्रजीत ज्याला रिलेटिव्ह क्लॉज म्हणतात, ते आपले विशेषणवाक्य. आपल्या भाषेत त्याची जोडी असते, जो आणि तो. ‘जो मुलगा काल आला होता तो माझा भाचा.’ ‘जो’ ऐकला की कान ‘तो’ची वाट पाहतो आणि ‘तो’ आला की उपवाक्य संपले हे कळते. इंग्रजीत आधी नाम येते, त्याच्या मागे ‘हू’ किंवा ‘विच’ चिकटते आणि ‘तो’ कधी येतच नाही. मराठी कानाची फसगत इथे होते. उपवाक्य कुठे संपले हे आपले आपणच शोधायचे असते. आमच्या वाक्यात दोन स्वल्पविराम होते. त्यांच्या मधला मजकूर बोटाने झाका. उरते काय? मूळ प्रमाणपत्रे त्याच दिवशी परत केली जातील. हे मुख्य वाक्य. जी परत मिळणार ती आधी द्यावी लागणार, एवढे जरी त्या दिवशी सुचले असते!

आता बोट काढा. आत दोन ‘विच’ आहेत आणि मध्ये ‘बट’. ‘बट’ला आम्ही वाक्यातला सांधा म्हणतो. गाडी इथे रूळ बदलते. अलीकडे सवलत, पलीकडे अट. पत्र लिहिणारा सवलत आधी सांगतो, ती वाचून आपण खूश होतो आणि अट निसटते. कधी दुसरा ‘विच’ गाळलेला असतो, नुसते ‘बट मस्ट बी’ येते. कधी ‘बट’ही नसतो, ‘दो’ असतो : ‘विच, दो साइन्ड, कॅनॉट बी ॲक्सेप्टेड’. म्हणजे सही असली तरी घेता येणार नाही असा कागद. कोणत्याही रूपात येवो, तो सांधा आधी शोधा.

सांध्याच्या दोन्ही बाजूंना जी छोटी क्रियापदे बसतात, ती मोडल व्हर्ब्स. खरा जीव त्यांच्यात. ‘नीड नॉट’ म्हणजे गरज नाही. ‘मस्ट नॉट’ म्हणजे मनाई. मराठीत हा फरक आपण लहानपणापासून जाणतो. आई म्हणते, ‘डबा नेला नाहीस तरी चालेल’ आणि आई म्हणते, ‘चुलीजवळ जाऊ नये’. ‘नीड नॉट’ला ‘लागत नाही’ आणि ‘मस्ट नॉट’ला ‘नये’ हे मनात पक्के बसवा. ‘मे’ तर फार गोड शब्द. ‘लोन मे बी सँक्शन्ड’ असे वाचून ग्राहक पेढे घेऊन येतो. आम्हाला सांगावे लागते, दादा, कर्ज मंजूर होऊ शकते असे लिहिले आहे, झाले असे नाही. पेढे परत न्या म्हणण्याचा प्रसंग वाईट असतो.

आता तिसरी गोष्ट, पॅसिव्ह. शाळेत आपण त्याला कर्मणी प्रयोग म्हणून मोकळे होतो, पण दोन्ही एक नव्हेत. ‘रामाने आंबा खाल्ला’ हा आपला कर्मणी, त्यात राम समोर उभा आहे. इंग्रजी पॅसिव्हमध्ये राम बहुधा पडद्याआड असतो. त्याच्या जवळचा प्रकार म्हणजे ‘खाल्ला जातो’, ज्याला आपल्या व्याकरणात नवीन कर्मणी म्हणतात. म्हणून प्रत्येक पॅसिव्हपुढे एक प्रश्न लिहा : कोणी? ‘बी सेंट’, कोणी पाठवायचे? उमेदवाराने. ‘बी प्रोड्यूस्ड’, कोणी दाखवायचे? उमेदवारानेच. ‘बी रिटर्न्ड’, कोणी परत करायचे? कार्यालयाने. पाहा, तिन्ही रूपे सारखीच, पण तिसऱ्या ठिकाणी हात बदलला आणि वाक्याने त्याची खबरही दिली नाही. हे कळले की भाषांतर सोपे होते : मूळ प्रमाणपत्रे अर्जासोबत पाठवावी लागत नाहीत, मुलाखतीला मात्र आणलीच पाहिजेत, ती त्याच दिवशी परत मिळतील. यात ‘पाठविण्यात येण्याची’ वगैरे काही आले नाही. ‘करण्यात येत आहे’ हा कार्यालयीन मराठीचा आजार आहे, असे आमचे मत. आम्हीही त्याचे रोगी आहोत.

‘ऑन विच’, ‘हूज’ यांना भिऊ नका. ज्यावर, ज्याचे. मुदत ठेवीच्या माहितीपत्रात असे वाक्य असू शकते, की ही ठेव मुदतीआधी मोडता येते, पण ‘ऑन विच अ लोअर रेट मे बी पेड’. म्हणजे जिच्यावर मग कमी दराने व्याज दिले जाऊ शकते.

स्वल्पविरामाकडेही लक्ष असू द्या. ‘द फॉर्म्स विच वेअर नॉट साइन्ड वेअर रिजेक्टेड’ म्हणजे बिनसहीचे तेवढे फॉर्म नाकारले. ‘विच’च्या आधी आणि ‘साइन्ड’च्या नंतर स्वल्पविराम द्या, म्हणजे एकाही फॉर्मवर सही नव्हती आणि सगळेच गेले.

हे सर्व नोकरीच्या कागदापुरते आहे असे कोणी समजू नये. बाबासाहेब ज्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते, तिने सिद्ध केलेली आपली राज्यघटना इंग्रजीत उघडून पाहा. कलम 37 मध्ये हाच सांधा आहे. मार्गदर्शक तत्त्वांसाठी न्यायालयाचे दार ठोठावता येणार नाही, हे ‘बट’च्या अलीकडे, आणि तरी ती देशाच्या कारभाराचा पाया आहेत, कायदे करताना ती वापरणे राज्याचे कर्तव्य आहे, हे पलीकडे. तिथे ‘विच’ दिसत नाही, कारण ‘विच आर’ गाळून नुसते ‘कन्टेन्ड’ ठेवले आहे. हीही इंग्रजीची लकब. अर्धेच वाचणारे म्हणतात, त्या तत्त्वांना काही किंमत नाही.

शिक्षणाचेच घ्या. मूळ कलम 45 मध्ये मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाबाबत दहा वर्षांची मुदत होती, पण क्रियापद होते ‘शॅल एन्डेव्हर’, म्हणजे राज्य प्रयत्न करील. 2002 च्या 86 व्या घटनादुरुस्तीने कलम 21 अ आले. त्यात सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी ‘शॅल प्रोव्हाइड’ आहे, राज्य देईल. ते अमलात आले 1 एप्रिल 2010 ला. ‘प्रयत्न करील’ पासून ‘देईल’ पर्यंत यायला 1950 पासून साठ वर्षे लागली. त्याच कलमात ‘मे’ही आहे : कोणत्या रीतीने द्यायचे ते राज्य कायद्याने ठरवू शकेल. रीत ‘मे’वर सोपवली, हक्क ‘शॅल’ला बांधला. आमच्या आजीच्या पिढीतल्या कित्येक मुली त्या ‘एन्डेव्हर’च्या काळात शाळेबाहेर राहिल्या.

वेळ संपत आला. फळ्यावर एक वाक्य लिहून ठेवले आहे, ते वहीत उतरवून घ्या : ‘स्कॉलरशिप्स विच मे बी रिन्यूड एव्हरी इयर बट विच कॅनॉट बी ट्रान्सफर्ड टु अनदर कॉलेज मस्ट बी ॲप्लाइड फॉर सेपरेटली.’ यात स्वल्पविराम एकही नाही, हे लक्षात घ्या. मुख्य वाक्य कोणते, सांधा कुठे, आणि तिन्ही ठिकाणी हात कोणाचा, ते लिहून पुढच्या रविवारी आणा. ज्यांच्या घरी एखादे न कळलेले पत्र पडून असेल, त्यांनी तेही आणावे. वर्गानंतर आम्ही इथेच बसलेले असतो.