अकरा ते पाच

मी मूळचा भिवंडी तालुक्यातल्या अंजूरचा. सारी नोकरी शाळामास्तर म्हणून केली. आज बोलणार आहे पुण्यातल्या एका मुलींच्या हायस्कूलबद्दल. पण सुरुवात माझ्या घरापासून करतो.

माझी थोरली बहीण, तिला आम्ही बाय म्हणतो, अभ्यासात माझ्याहून हुशार होती. सातवी झाल्यावर तिला घरी बसवलं. मी भिवंडीच्या हायस्कुलात गेलो. आई-वडील शिक्षणाच्या विरोधात नव्हते. पण शाळा अकरा ते पाच. त्या वेळात धाकट्याला सांभाळायचं कोणी, आवणीला शेतात उतरायचं कोणी? प्रश्न वेळेचा होता, आणि घरात वेळ फक्त मुलीचाच कापता येत असे.

पुढे शिक्षकांच्या एका वर्गासाठी पुण्याला गेलो असता लक्ष्मी रस्त्यावर 'हुजूरपागा' हे नाव वाचून थबकलो. आमच्या गंगाजी नाईक अंजूरकरांनी १७३७ ते ३९ च्या वसई मोहिमेत पेशव्यांना साथ दिली, त्यामुळे पेशवाईतल्या शब्दांकडे अंजूरकरांचे कान असतात. पेशव्यांच्या खाशा घोड्यांची जिथे पागा होती, तिथे मुलींचं हायस्कूल!

जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली १८४८ साली. हे हायस्कूल उघडलं २९ सप्टेंबर १८८४ रोजी. मधे छत्तीस वर्षं गेली. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर, वामनराव मोडक ही मंडळी पुढे झाली. मुलींसाठी हायस्कूल हवं म्हणून हिराबागेतल्या सभेत गव्हर्नरांसमोर रमाबाई रानड्यांनी इंग्रजीत भाषण वाचलं. त्याबद्दल घरातल्या वडीलधाऱ्या बायकांची बोलणी त्यांना खावी लागली. हे त्यांनीच आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे.

शाळा निघाली तरी वाद मिटला नाही. लोकमान्य टिळकांसारख्या थोर पुरुषानेही इथल्या अभ्यासक्रमावर आणि वेळापत्रकावर कडक टीका केली. मुलींनी दिवसभर शाळेत बसणं घरकामाशी जुळत नाही, त्यांना थोडे तास पुरेत, असा तो आक्षेप होता. हे वाचलं आणि मला आईचा आवाज ऐकू आला. विद्वानांचं वर्तमानपत्र आणि आमची चूल, दोन्हीकडे हिशेब एकच!

शाळेने मात्र पूर्ण वेळेची शाळा सोडली नाही. शिवाय बाहेरगावच्या मुलींसाठी वसतिगृह चालवलं. इरावती कर्वे जन्मल्या ब्रह्मदेशात, १९०५ साली. सातव्या वर्षी त्यांना इथे शिकायला पाठवलं. पुढे त्या मानववंशशास्त्रज्ञ झाल्या, 'युगान्त' लिहिलं. बुद्धी त्यांची स्वतःची होती. पण त्या बुद्धीला रोजचे सलग तास मिळाले, ते शाळेमुळे.

आपण शाळेचा इतिहास सांगतो तेव्हा इमारत, देणगीदार आणि निकाल सांगतो. मला वाटतं, हायस्कूलने मुलीला दिलेली पहिली वस्तू म्हणजे तिचा स्वतःचा वेळ. नोकरीत असताना मी जुलैचं हजेरीपत्रक आधी पाहत असे. आवणीच्या दिवसांत मुलींच्या नावांपुढे गैरहजेरी वाढली, की संध्याकाळी त्या घरी जाऊन बसायचं. फी माफ झाली, पुस्तकं मिळाली, एसटीचा पासही फुकट झाला. पण घरचं काम वाटून घ्यायला सरकार येत नाही. ते बापाने आणि भावांनीच घ्यायचं असतं. मी माझ्या वेळी घेतलं नव्हतं, हेही सांगायला हवं.

पुण्याहून परतल्यावर ही सगळी हकिगत मी बायला सांगितली. पागा, गव्हर्नर, वाद, वसतिगृह. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं,

"मग तिथं भाकऱ्या कोण भाजायचं?"

"त्यासाठी वेगळी माणसं असायची," मी म्हटलं.

"तरीच," बाय म्हणाली.