हरवलेला म्हातारा कुत्रा

घरांतला बारा-तेरा वर्षांचा कुत्रा एके संध्याकाळीं दिसेनासा झाला, कीं शेजारचें कोणी तरी हटकून सांगतें, "मरण जवळ आलें, कीं कुत्रें आपण होऊन घर सोडतें." सांत्वनासाठीं उच्चारलेलें हें वाक्य त्या मुक्या जीवावर बेततें, कारण तें ऐकून शोध थांबतो.

वस्तुस्थिति निराळी आहे. वार्धक्यानें त्याची दृष्टि मंदावते, कान जातात, आणि माणसांप्रमाणेंच कित्येक कुत्र्यांना बुद्धिभ्रंशहि जडतो. सहज फेरी मारण्यास निघालेल्या प्राण्याला मग ओळखीच्या गल्लींतहि घर उमगत नाहीं. म्हणून नुसत्या हांका मारून भागत नाहीं. प्रथम जवळच पाहावें: जिन्याखालीं, उभ्या मोटारींच्या आड, कुंपणाच्या झुडपांत, कोरड्या गटारांत. रात्रीं विजेरी घेऊन निघावें. उजेडांत त्याचे डोळे चकाकतात. फाटकाशीं त्याचें अंथरूण ठेवावें. नाक पुष्कळदा डोळ्या-कानांहून अधिक काळ साथ देतें. नगरपालिकेच्या श्वानगृहांत स्वतः जाऊन पाहावें.

इतकें करूनहि तो न मिळाला, तर मुलांना "तो देवाघरीं गेला" असें सांगूं नये. "आपण शोधलें, सांपडला नाहीं," हेंच खरें, आणि तेंच सांगावें.

महाप्रस्थानाच्या वाटेवर सोबत आलेल्या श्वानाला टाकून स्वर्गांत जाण्यास धर्मराजानें नकार दिला. बारा वर्षें आपलें दार राखणाऱ्यासाठीं चार रात्री फिरणें आपल्याहि आवांक्यांत आहे.