मत विचारू नये, काळजी विचारावी



मी सातवी शिकलेली गृहिणी, भाषणाची मला सवय नाही. पण निवडणूक आली की शेजारणी-शेजारणींत जो अबोला सुरू होतो, त्याविषयी दोन शब्द बोलावेत असे फार दिवस मनात होते.

१९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत देशातल्या सुमारे २८ लाख बायकांची नावे यादीतून गाळावी लागली. का, तर त्यांनी आपले नाव न सांगता ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढेच सांगितले. आज आपली नावे यादीत आहेत. मत मात्र पुष्कळ घरांत अजून अमक्याच्या बायकोचेच असते.

म्हणून आम्ही काही जणी दुपारी भांडी आवरून एकीच्या ओटीवर जमतो. ‘तू कोणाला देणार?’ असे कोणी कोणाला विचारायचे नाही. मत गुप्त ठेवण्याचा हक्क कायद्याचा आहे. तो नवऱ्यापुढेही असतो आणि अध्यक्षबाईंपुढेही! विचारायचे ते इतकेच, तुला काळजी कशाची आहे?

एकदा हवेचा विषय निघाला. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली माहुल-आंबापाड्याची हवा प्रकृतीला धोक्याची म्हटली. आणखी प्रकल्पग्रस्त इथे पाठवू नका, असे उच्च न्यायालयाने २०१९ साली सांगितले. तेव्हा ही काही बायकांची कुरकुर नव्हे. पण एकीचा नवरा कारखान्यात कंत्राटावर आहे. ती म्हणाली, “कारखाना हलला तर आमची चूल कशी पेटायची?” दुसरी फणकारली, “तुझ्या चुलीपायी आमची पोरं खोकतात!” पहिली उठून निघाली. आमच्या वयस्कर मावशींनी तिचा हात धरला, “बस गं, चहा व्हायचाय अजून.” मग फणकारणारीला म्हणाल्या, “ती काय बोलली ते आधी तू सांग, मग तुझं सांग.” तिला ते सांगताना बराच वेळ लागला.

शेवटी दोघींनी मिळून एक प्रश्न केला: हवा सुधारायला काय कराल आणि त्यात कोणाची रोजी गेली तर तिचे काय? मत मागायला येईल त्या प्रत्येकाला, पक्ष कोणताही असो, तो विचारला. उमेदवाराचे शपथपत्र एकीची मुलगी मोबाईलवर वाचून दाखवते; त्याच्यावरचे खटले, मालमत्ता, शिक्षण सारे त्यात असते. त्या दोघींनी मत कोणाला दिले, आम्हांला ठाऊक नाही. पाण्याला मात्र बरोबर जातात.

आमच्याशी ज्यांचे पटत नाही त्यांनी अवश्य यावे. येताना आपापला पाट आणावा, ओटी लहान आहे.